काजूच्या बीमागोमाग घानात

आमच्या कारखान्यात वर्षातले तीन-चार महिने गावठी बी फुटते आणि बाकीचे महिने आफ्रिकन. वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या कुठल्याही काजूवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. कोकणातली बी मार्च ते मे एवढीच, आणि तेवढ्यावर फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांना बारमाही काम देता येत नाही. म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ इथून तागाची पोती येतात. शाळेत असताना त्याच पोत्यांच्या थप्पीवर बसून मी अभ्यास केला. 'घाना' ही अक्षरं रोज डोळ्यांसमोर होती, पण तो देश म्हणजे ८० किलोचं पोतं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

२०२४ मध्ये आमचे दोन कंटेनर वाईट निघाले. वरची पोती चांगली, खालची बुरशीची. बाबांनी ते नुकसान पावसाळाभर मनाला लावून घेतलं आणि दिवाळीनंतर म्हणाले, "पुढच्या हंगामात माल तिकडे जाऊन, फोडून बघूनच घ्यायचा. उतारा काढायला तुझ्याइतका बसलेला हात आपल्याकडे दुसऱ्या कोणाचा नाही. तू जा." उतारा म्हणजे एका पोत्यातून किती गर निघेल त्याचा आकडा.

तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड घानात शिरताना दाखवायचं असतंच, पण परत येताना भारतातही दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागतात. व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयातून आला. बाकी कागदपत्रांत सांगण्यासारखं विशेष काही नाही.

एक कायदा मात्र निघण्याआधीच नीट समजून घ्यावा लागला. घानाच्या २०१३ च्या गुंतवणूक कायद्यानुसार परदेशी माणसाला तिथे व्यापारात उतरायचं तर तेव्हा किमान दहा लाख डॉलरचं भांडवल आणि वीस स्थानिक नोकर लागायचे. बाजारातली किरकोळ विक्री तर परक्याला पूर्ण बंद. आमच्यासारख्या लहान कारखान्याला हे झेपणारं नव्हतं. त्यामुळे खरेदी घानाच्या परवानाधारक निर्यातदारानं करायची आणि मी माल फोडून 'हा घ्या, हा नको' एवढंच सांगायचं, अशी रीत ठरली. मला तो कायदा पटला. बाहेरचा पैसेवाला गावात येऊन बसला की काय होतं, ते कोकणात आपण जमिनींच्या बाबतीत बघतोच आहोत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अदिस अबाबामार्गे आक्राला उतरले. विमानतळाचं नाव तेव्हा कोटोका होतं. निर्यातदारानं पाठवलेला ड्रायव्हर चांगला बोलका होता. त्या नावाची गोष्ट त्यानं गाडीत बसल्या बसल्याच सांगितली. घाना ६ मार्च १९५७ ला इंग्रजांकडून सुटला, त्यांच्या पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये सगळ्यात आधी. स्वातंत्र्याचे पुढारी क्वामे एन्क्रुमा पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९६६ मध्ये लष्करानं त्यांना उलथवलं. त्या उठावातले एक अधिकारी म्हणजे कोटोका. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका फसलेल्या उठावात ते स्वतः मारले गेले. एन्क्रुमांची समाधीही त्याच शहरात आहे, आणि ती उभी राहिली तरी विमानतळाचं नाव तसंच राहिलं. १९८१ पर्यंत असे उठाव होत राहिले. १९९२ मध्ये आजचं संविधान आलं, आणि तेव्हापासून चार वेळा सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली ती मतांनीच. शेवटचा बदल मी पोचण्याच्या महिनाभर आधीचा. जॉन महामा ७ जानेवारीला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि घानाच्या इतिहासात पहिल्यांदाच उपराष्ट्राध्यक्षपदी एक बाई बसल्या होत्या, नाना जेन ओपोकू-अग्येमांग. भिंतींवर प्रचाराची पोस्टरं अजून होती. वाटेत ड्रायव्हरनं राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, ज्युबिली हाऊस, दाखवलं. ते आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीनं बांधलंय हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

आक्रापासून उत्तर-पश्चिमेला कुमासी, कुमासीच्या पुढे टेचिमान, मग वेंची. पावणेचारशे-चारशे किलोमीटरचा रस्ता, आणि त्या एका रस्त्यावर अख्ख्या देशाची जमीन बदलत जाते. घाना महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट, वस्ती २०२१ च्या जनगणनेत ३ कोटी ८ लाख. समुद्राकाठची पट्टी कोरडी, खुरट्या झुडपांची. आत गेलं की दाट रान आणि कोकोच्या बागा. एन्कॉकॉ गावाजवळ उजव्या हाताला क्वाहूचा कडा उभा राहतो. सह्याद्रीच्या मानानं ठेंगणाच, पण काम तेच करतो: त्याच्या एका अंगाचं पाणी व्होल्टा नदीत जातं आणि दुसऱ्या अंगाच्या नद्या आपापल्या वाटेनं थेट गिनीच्या आखातात. त्यातल्या प्रा नदीला मिळणारी बिरीम आम्ही ओलांडली. पाणी दुधाळ चहासारखं. सोन्यासाठी नदीकाठ बेकायदा खणतात, त्याला तिथे 'गालामसे' म्हणतात. ड्रायव्हर इतका वेळ बोलत होता, पुलावर मात्र गप्प झाला.

तो मूळचा पूर्वेकडचा, एवे जमातीचा. त्याचं आजोळ व्होल्टा सरोवराच्या पाण्याखाली आहे. आकोसोंबोचं धरण १९६५ मध्ये पुरं झालं आणि क्षेत्रफळानं जगातलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित सरोवर तयार झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. सातशेहून जास्त गावं बुडाली आणि ८० हजारांच्या आसपास माणसं उठली. मी त्याला कोयनेबद्दल सांगितलं. तेही त्याच काळातलं धरण. त्यानं विचारलं, "तुमच्याकडच्या लोकांना जमीन मिळाली?" काहींना मिळाली, काही अजून फेऱ्या मारतायत, असं सांगितलं. त्यानं मान डोलावली.

कुमासी ओलांडल्यावर रान विरळ होऊ लागतं आणि टेचिमानच्या पुढे उंच गवत आणि मधूनमधून झाडं. रान आणि माळ यांच्यामधला हा पट्टा काजूला मानवतो. हवेत हरमॅटनची धूळ होती. सहाराकडून येणारा हा कोरडा वारा डिसेंबर ते फेब्रुवारी वाहतो. ओठ फुटतात, सूर्य ताकासारखा पांढुरका दिसतो, पण अंगणात पसरलेली बी खडखडीत वाळते. आम्हा काजूवाल्यांना आणखी काय हवं?

वेंचीजवळच्या एका गावात निर्यातदाराचं गोदाम होतं. गाव म्हणजे शंभरेक घरं, एक शाळा, दोन चर्च, एक मशीद. पोचल्या दिवशीच माझी पेटी उघडून काटा, कात्री आणि खोबरेल काढायला लागले तर गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "आज नाही. आधी नानांना भेटायचं, मगच पोत्याला हात लावायचा."

माझ्या आजोबांना आम्ही नाना म्हणायचो. इथे अकान भाषांमध्ये गावच्या प्रमुखाला 'नाना' म्हणतात, राजमातेला 'नाना' म्हणतात आणि घरच्या आजी-आजोबांनाही. अकान लोक देशात निम्म्याच्या जरा खाली आहेत, आणि वेंचीचे बोनो त्यांच्यातलेच.

नानांच्या वाड्यावर जाताना निर्यातदारानं श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या घेतल्या. भेट म्हणून तीच चालते. अंगणात मंडळी अर्धवर्तुळात बसली होती. उजवीकडून सुरुवात करून एकेकाला हात मिळवत डावीकडे जायचं, डावा हात पुढे करायचा नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही. डाव्या हाताचं मला सांगावं लागलं नाही, ते आपल्याकडेही तसंच. बसल्यावर सगळ्यांत आधी पाणी आलं. पाणी पिऊन झाल्याशिवाय कोणी काही विचारत नाही. मग विचारतात, "अमाने?" म्हणजे कशासाठी आलात, वाटेत सगळं ठीक ना. दारातल्या पाहुण्याला गूळपाणी देऊन मग चौकशी करणारी माझी आजी मला तिथे आठवली आणि परकेपणा एकदम उतरला.

नाना थेट बोलत नाहीत. मध्ये ओचियामे असतात, सोनेरी मुठीची काठी धरलेले, नानांचा शब्द आपल्यापर्यंत आणि आपला नानांपर्यंत पोचवणारे. मी इंग्रजीत बोलले, मॅनेजरनं ट्वी भाषेत सांगितलं, ओचियामेंनी तेच जास्त चांगल्या शब्दांत नानांना ऐकवलं. श्नॅप्सचे चार थेंब पूर्वजांची नावं घेत जमिनीवर शिंपडले गेले. माझा जन्मवार विचारला. बुधवार. "मग तू अकुआ." अकान लोकांत प्रत्येकाला जन्मवाराचं नाव असतंच. शनिवारचा क्वामे, शुक्रवारचा कोफी. एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे कोफी अन्नान, दोघांचे वार नावातच आहेत.

मग ओचियामेंनी विचारलं, "कारखाना तुझ्या मामाचा?"

मी म्हटलं, "नाही, वडिलांचा. पुढे माझाच."

अंगणात कुजबुज झाली. राजमाता आतापर्यंत गप्प होत्या. त्या हसून काहीतरी म्हणाल्या आणि सगळे हसले. मॅनेजरनं बाहेर आल्यावर उलगडून सांगितलं. अकान लोकांत कूळ आईकडून चालतं. माणसाचा वारस मुलगा नसतो, बहिणीचा मुलगा असतो. नानांची गादी, म्हणजे त्यांचा 'स्टूल', तीही मातृकुळातच राहते आणि नवा नाना कोण हे सुचवण्याचा मान राजमातेचा असतो. बापाचा धंदा मुलीला, हे त्यांना नवल वाटलं. राजमाता म्हणाल्या होत्या, "मग त्यांच्याकडे मामा काय करतो?" मी म्हटलं, आमच्याकडे मामा लग्नात पाठीशी उभा राहतो. हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचवलं गेलं आणि त्यांना ते आवडलं असं दुसऱ्या दिवशी कळलं.

ही भेट नुसती मानपानाची नव्हती. घानातली सुमारे ८० टक्के जमीन अशा गाद्यांच्या, कुळांच्या, घराण्यांच्या ताब्यात आहे. गोदाम ज्या जागेवर उभं होतं ती नानांच्या गादीची, भाडेपट्ट्यानं घेतलेली. परदेशी माणसाला तर ५० वर्षांपेक्षा जास्त पट्टा संविधानच देत नाही. गादीच्या जमिनीचा महसूल नाना परस्पर ठेवत नाहीत. एक सरकारी कार्यालय तो गोळा करतं, दहा टक्के खर्चापोटी कापतं आणि उरलेल्यातला ५५ टक्के जिल्हा सभेला, २५ टक्के गादीला, २० टक्के पारंपरिक परिषदेला देतं. नानांना पक्षाच्या राजकारणात पडायला बंदी. अशी दोन सरकारं एकाच गावात नांदतात, एक मतांचं आणि एक कुळाचं, आणि काजूचं पोतं दोघांच्या हातांखालून जातं. मला वाटलं होतं यात ओढाताण असेल. असतेही, गादीच्या वारसावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. पण मी जे पाहिलं त्यात लोकांना कोणतं काम कुठे न्यायचं हे पक्कं ठाऊक होतं.

मतांच्या सरकारची गाठ पोती गावाबाहेर नेताना पडली. घानाचे १६ विभाग आहेत. पूर्वी १० होते, २०१८ च्या अखेरीस सार्वमत झालं आणि सहा वाढले. आधीच्या ब्राँग-अहाफोचे बोनो, बोनो ईस्ट आणि अहाफो झाले ते तेव्हाच. पण या विभागांना आपल्या राज्यांसारखी विधानसभा नाही, वर राष्ट्राध्यक्षानं नेमलेला मंत्री असतो. खरा रोजचा कारभार २६१ जिल्हा सभांचा. सभेचे ७० टक्के सदस्य निवडून येतात, ३० टक्के राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह लावायला मनाई आहे. आपल्या ग्रामपंचायतीसारखंच. जिल्ह्याचा मुख्य कार्यकारी राष्ट्राध्यक्ष सुचवतात, पण सभेच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय तो खुर्चीवर बसू शकत नाही. मी गेले तेव्हा जुने गेले होते आणि नव्यांची नावं यायची होती. कचेरीत सगळी चर्चा तीच. तरी पोत्यामागची पावती फाडणारा कारकून नाक्यावर वेळेवर हजर असायचा.

प्रत्यक्ष काम दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू झालं. उतारा काढणं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर असतो. थप्पीतल्या दहा पोत्यांमागे एक तरी पोतं घ्यायचं, आणि टोकदार पोकळ नळी वरून, मधून, तळातून खुपसून बी काढायची. सगळी एकत्र करून ढीग चार भागांत वाटायचा, समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, असं करत बरोबर एक किलो उरवायचा. मग बिया मोजायच्या. माझ्या पहिल्या किलोत १८८ भरल्या. दोनशेच्या आत म्हणजे दाणा भरदार. मग एकेक बी उभी कापायची. चिकानं कातडी जाते, म्हणून हाताला खोबरेल. पांढरा गर एकीकडे, डागाळलेला दुसरीकडे, पोचट आणि किडका तिसरीकडे. टरफल सोडून नुसता गर तोलायचा. चांगला गर २६२ ग्रॅम, डागाळलेला २० ग्रॅम, त्याचा निम्मा धरायचा, म्हणजे एकूण २७२. हे प्रमाण ८० किलोच्या पोत्याला लावून पौंडात काढलं की उतारा आला: ४८.

मी हे बंद खोलीत न करता गोदामासमोरच्या सिमेंटच्या खळ्यावर केलं. शेतकरी भोवती उभे होते. काट्यावर आणि व्यापाऱ्याच्या तोंडी आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही, आणि तो का नाही हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. हंगामाच्या तोंडावर सरकारचं वृक्षपीक प्राधिकरण काजूचा किमान भाव जाहीर करतं, तरी अडलेला माणूस त्याखाली देऊन मोकळा होतो. मी कापलेला प्रत्येक गर त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी एकानं माझी कात्री मागितली आणि स्वतःचा माल स्वतः कापून पाहिला.

शेतांवर राबणारे बरेचसे उत्तरेकडून आलेले दागाबा जमातीचे होते. कोणी 'अबुनू'वर, म्हणजे आपली अर्धेल, कोणी 'अबुसा'वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं. दुपारी त्यांच्याबरोबरच जेवायची. 'रेड-रेड' नावाचा पदार्थ म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली राजेळी केळी. महिनाभर मी शाकाहारी माणूस त्याच्यावर आनंदात जगले.

एक बाई तीनच पोती घेऊन आली. पन्नाशीची विधवा. बी इतकी एकसारखी निवडलेली की ढिगात हात घातल्यावर कळत होतं. नवरा वारल्यावर त्याच्या भाच्यानं बागेवर हक्क सांगितला होता. रूढीप्रमाणे तो बरोबर होता. पण १९८५ च्या वारसा कायद्यानं नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतला बहुतेक हिस्सा बायको-मुलांना दिलाय. बाग त्यानं स्वतः लावलेली होती हे तिनं आधी नानांच्या अंगणात साक्षी आणून सिद्ध केलं, मग कोर्टात. चार वर्षं लागली. मॅनेजर हे सांगत होता तेव्हा ती स्वतःच तागाचं पोतं शिवत होती, घरून आणलेल्या निळ्या दोऱ्यानं. तिची तीनही पोती आमच्या खेपेत घेतली.

सगळंच सरळ झालं नाही. मार्चच्या अखेरीला पाऊस सुरू झाला आणि एका व्यापाऱ्यानं आणलेल्या ट्रकमध्ये वरच्या थरात नवी बी आणि आत गेल्या वर्षीची. कापल्यावर गर पिवळट, आणि ओलावा ११ टक्के. मी नको म्हटलं. त्यानं आवाज चढवला, "बाईला काय कळतं?" मला उत्तर द्यावं लागलं नाही. कात्री मागणारा तो शेतकरी पुढे आला, दहा बिया कापल्या आणि गर त्याच्या तळहातावर ठेवले. ट्रक परत गेला. आदल्या वर्षी आमचे कंटेनर कसे नासले असतील ते मला त्या क्षणी कळलं.

पैसे सेडीत चुकते झाले, बहुतेकांचे मोबाइलवर. सेडी हा शब्द अकान भाषेत कवडीवरून आलाय. पूर्वी तिथलं चलन कवड्याच होत्या, आणि त्या जहाजानं यायच्या त्या आपल्या बाजूच्या समुद्रातल्या, मालदीवच्या. आपण कवडीमोल म्हणतो, त्यांनी चलनाला तेच नाव ठेवलं.

निघण्याआधीच्या रविवारी मॅनेजरनं टेचिमानजवळच्या तानोबोआसेला नेलं. मोठमोठे वालुकाश्माचे खडक आणि भोवती राखलेलं रान. तानो देवाचं रान, तानो नदी या बाजूलाच उगम पावते. इथून फांदी तोडायची नाही. आमच्या गावच्या देवराईत शिरताना मी चप्पल काढते, तशीच इथेही काढली. बरोबरच्या माणसानं का म्हणून विचारलं नाही.

तेमा बंदरात तीन दिवस गेले: वनस्पती संरक्षण विभागाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, धुरी, सीमाशुल्काचे कागद. कंटेनरच्या भिंतींना आतून जाड कागद लावून घेतला आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. समुद्रावर कंटेनरला आतून घाम सुटतो, आणि पोत्यांचा खरा शत्रू तोच.

मे महिन्यात माल न्हावा शेवामार्गे आमच्या दारात आला. हमाल पोती उतरवत होते आणि फोडणाऱ्या बायका नेहमीप्रमाणे बघायला आल्या. एकीनं विचारलं, "ही बी खयची गो?" एरवी मी घानाची म्हटलं असतं. "वेंचीची," म्हटलं. तेवढ्यात निळ्या दोऱ्यानं शिवलेलं एक पोतं दिसलं. ते बाजूला काढून त्याचा उतारा वेगळा काढला. ५१. इतका उतारा आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या चांगल्या बीलाच मिळतो.

मॅनेजरला फोनवर आकडा कळवला आणि त्या बाईला जाऊन सांगायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. आकडा नुसता ऐकून ती थांबली नव्हती. तिनं तो कागदावर लिहून मागितला होता, पुढच्या हंगामात व्यापाऱ्याला दाखवायला.